फ्रेंचचा अतिरिक्त कार्यभार

निमकरकाकांच्या नातीशी मी कोणत्या भाषेत बोलायचं, याचा लेखी आदेश मला एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता मिळाला. दाराखालच्या फटीतून आत सरकवलेला. मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातांनीच कागद उचलला, वाचला आणि तव्यावरची पोळी करपेपर्यंत तशीच उभी राहिले.

‘विषय : चि. ईरा हिच्याशी करावयाच्या संभाषणाचे भाषानिहाय वाटप. आई – इंग्रजी. वडील – हिंदी. आजी तसेच खालच्या मजल्यावरील सौ. साठे – मराठी, शुद्ध. आजोबा – फ्रेंच, अतिरिक्त कार्यभार. आदेश तत्काळ लागू. कोणीही दुसऱ्याच्या भाषेत हस्तक्षेप करू नये.’ खाली सही. घरात शिक्का नव्हता म्हणून शिक्क्याच्या जागी वाटी ठेवून गोल काढलेला. आणि तळाला, ‘प्रत माहितीसाठी : दूधवाला, इस्त्रीवाली, गेटवरचा गार्ड.’

ईरा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. आणि निमकरकाकांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं.

मी तशीच वर गेले. काकांनी दार उघडलं, माझ्या हातातला कागद बघितला आणि खिशातून पेन काढून पुढे केलं.

“महोदया, पोच द्या.”

“कसली पोच? काका, हे काय काढलंय नवीन?”

“वाचल्याची पोच. तारखेसह.”

दिली. न देऊन सांगते कोणाला!

दत्तात्रय केशव निमकर मूळचे चिपळूणचे. दिल्लीत एका मंत्रालयात हिंदी अधिकारी म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं काढली. चिपळूणच्या माणसाने येऊन दिल्लीवाल्यांची हिंदी दुरुस्त करायची, आणि दिल्लीवाल्यांनी “जी सर, जी सर” करत पुन्हा तशीच लिहायची, हा खेळ तेवढी वर्षं चालला. निवृत्तीनंतर काका-काकू मुलीकडे राहायला आले. मुलगी मुग्धा केंद्र सरकारात अधिकारी, जावई गौरव मेरठचा, आणि घर लक्ष्मीबाई नगरात बरोबर माझ्या डोक्यावर. नोकरी संपली, पण काकांना ते कोणी लेखी कळवलं नसावं. घरात कोणी काही म्हणालं, की ते म्हणतात, “नोंद घेतली.” काकू म्हणाल्या, आमटीत मीठ कमी आहे, तरी नोंद घेतली. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा धावत येऊन म्हणाले, “महोदया, नोंद घेतली,” आणि परत गेले.

लग्नाची पत्रिका आली, की लाल पेनाने दुरुस्त करून यजमानांना परत पाठवतात. आहेर वेगळा पाठवतात, तो बरा असतो, म्हणून लोक अजून बोलावतात. एकदा जानेवारीत आमच्या मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला चालली होती. काकांनी बस निघतानाच जाहीर केलं, की जाऊन येईपर्यंत इंग्रजी शब्द वापरायचा नाही. आता आम्ही दिल्लीची मराठी माणसं. आमच्या एका वाक्यात चार शब्द मराठी, तीन हिंदी, उरलेले इंग्रजी. वाटेतल्या ढाब्यावर मुरथलचे पराठे येईपर्यंत अख्ख्या बसमध्ये स्मशानशांतता. एक बाई तर नवऱ्याला पाण्याची बाटली खुणेनं मागत होती. काका मात्र खूश. “बघा, किती शिस्त आली!”

तर असा हा माणूस एके दिवशी उठला आणि म्हणाला, नात फ्रेंच शाळेत जाणार.

ही शाळा गुडगावात, एका बंगल्यात. तिथे चिमुरड्यांना सकाळी आठ ते बारा फ्रेंचमध्ये सोडून देतात. मधे दुसरी भाषा नाही. भूक लागली, शू लागली, सगळं फ्रेंचमध्ये. मी काकांना म्हटलं, “म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं!”

“मला चिपळुणात असंच शिकवलं, महोदया. दुसऱ्या दिवशी पोहायला लागलो.”

“आणि पहिल्या दिवशी?”

“पहिल्या दिवशी बाहेर काढलं.”

दिल्लीत मुलाला शाळेत घालणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. पोर पोटात असतं तेव्हापासून आया बसस्टॉपवर एकमेकींकडे संशयानं बघतात. तुझ्याकडे कुठला फॉर्म? आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या मिसेस चड्ढांनी मुलाला नर्सरीआधी घोड्यावर बसायला शिकवलं. का, तर फॉर्मवर छंदाचा एक कॉलम रिकामा होता. तो मुलगा घोडा बघितला की अजून किंचाळतो. त्यामुळे काकांचं हे फ्रेंच निघालं तेव्हा मी मनाशी म्हटलं, झालं! हेही त्याच रांगेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात हिंदी कोंबली, आता नातीच्या तोंडात फ्रेंच. मनाशी म्हटलं असं लिहिलं खरं, पण मी ते भाजीच्या गाडीपाशी चार बायकांत मोठ्यानं म्हणाले होते. सगळ्या हसल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

“पण फ्रेंचच का?” मी त्यांना तोंडावर विचारलं.

“कारण गोपनीय.”

गौरव म्हणायचा, “पापाजी, रोज गुडगांव? बिल्कुल पागलपन है. ट्रॅफिक देखा है?” काका म्हणायचे, “नोंद घेतली.” मुग्धा मात्र वडिलांना काही बोलायची नाही. एवढी कडक अधिकारी, हाताखालची माणसं चळचळा कापतात, आणि इथे नुसती म्हणायची, “करू दे हो ताई त्यांना.” मला तिचा रागच यायचा. म्हटलं, बापापुढे अशी काय शेळी होते ही!

काकांनी त्या प्रवेशाची रीतसर फाईल उघडली. पिवळं कव्हर, लाल फीत, प्रत्येक पानाला क्रमांक. शाळेच्या फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न होता, की मुलाशी घरी कोण कोणत्या भाषेत बोलतं. आपण तिथे लिहिलं असतं, सगळे सगळ्यांत बोलतात. काकांना ते अराजक वाटलं. बरं, शाळेच्या माहितीपत्रकात कुठेतरी लिहिलं होतं, की एक माणूस मुलाशी एकच भाषा बोलला तर मुलाचा गोंधळ होत नाही. झालं. त्यावरून तो आदेश निघाला. सगळ्यांना भाषा वाटल्या, आणि फ्रेंचची जागा रिकामी राहिली. कार्यालयात जागा रिकामी राहिली की साहेब तिचा कार्यभार स्वतःकडे घेतात. काम येतं की नाही हे तिथेही कोणी विचारत नाही.

आता यात गंमत कमी आणि पंचाईत जास्त होती, ती अशी. ईराचं आणि काकांचं गूळपीठ होतं. रोज संध्याकाळी दोघं जिन्याच्या पायरीवर बसायची आणि काका तिला कावळ्याची गोष्ट सांगायचे. हा कावळा नोकरी करायचा. त्याला रजा हवी असायची, आणि साहेब घुबड दिवसभर झोपलेलं, मग अर्जावर सही कोण करणार? गोष्ट रोज पुढे जायची, रजा कधी मिळायची नाही. ईरा मधेमधे भांडायची, “मग रात्री का नाही गेला तो?” माझं स्वयंपाकघर जिन्याला लागून. भाजी चिरता चिरता मीही ऐकायचे. खोटं कशाला बोलू, मलाही त्या कावळ्याची काळजी लागली होती.

आदेश निघाला आणि गोष्ट बंद झाली.

काकांनी फोनवर अ‍ॅप घेतलं होतं. त्यातून त्यांना बाँझूर येत होतं, मॅर्सी येत होतं आणि ‘सफरचंद लाल आहे’ हे एक वाक्य येत होतं. ईराला सकाळी बाँझूर म्हणायचे. ती दूध प्यायली की मॅर्सी. घरात सफरचंद असलं तर तिसरं वाक्यही व्हायचं. बाकी दिवसभर तोंडाला कुलूप. ती म्हणायची, “आबा, कावळ्याला रजा मिळाली का?” काका गोड हसायचे, ओठांवर बोट ठेवायचे आणि फ्रिजवर चिकटवलेला आदेश दाखवायचे. साडेतीन वर्षांच्या मुलीला! ती आजीकडे जायची. “आबा बोलत का नाहीत?” काकू मेथी निवडता निवडता म्हणायच्या, “ते फ्रेंच बोलतायत, बाळा.”

महिनाभर हे चाललं. एकदा मी जिन्यातच त्यांना गाठलं आणि चांगलं झापलं. “काका, पोर तुमच्या तोंडाकडे बघत बसते. लाज वाटते का थोडी? मोठी फ्रेंच आलीय!”

त्यांचा चेहरा उतरला. पण म्हणाले काय, “नोंद घेतली.”

मग तो दिवस आला. आईवडिलांची मुलाखत आधी होऊन गेली होती. आता ईराला दोन तास वर्गात बसवून बघणार होते, आणि त्यावर जागा द्यायची की नाही ते ठरणार होतं. नेमकं मुग्धाच्या ऑफिसात अधिवेशनाचं काम, रजा शक्य नाही. गौरव रांचीला. काकू म्हणाल्या, ताई, तुमची गाडी आहे ना. मग काय, मी रजा टाकली. मागच्या सीटवर ईरा, शेजारी काका, मांडीवर ती पिवळी फाईल. गुडगाव येईपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा उजवा पाय सारखा हलत होता. एका शाळेसाठी एवढं घाबरलेलं माणूस मी मिसेस चड्ढा सोडल्या तर पाहिलं नव्हतं.

शाळेच्या मादाम पुदुच्चेरीच्या होत्या. सुती साडी, पांढरे केस, आवाज मऊ. ईराचं बोट धरून तिला आत घेऊन गेल्या. आम्ही व्हरांड्यात बसलो. तिथे आणखी दोन-तीन घरं होती. एक बाबा फोनवर कोणाला तरी झापत होते, एक आई मुलाला शेवटच्या क्षणापर्यंत फळांची चित्रं दाखवत होती. काका फाईल उघडायचे, मिटायचे.

मग मादाम बाहेर आल्या. आमच्याशी इंग्रजीत बोलत होत्या, पण फार जपून.

“मुलगी गोड आहे. रडली नाही. सगळ्यांबरोबर खेळली. पण दोन तासांत तिनं तोंडातून एकही शब्द काढला नाही. कुठल्याच भाषेत नाही. काही विचारलं की हसते आणि ओठांवर बोट ठेवते.” मग हळूच म्हणाल्या, “तिचे कान कधी तपासलेत का? आमच्याकडे बोलकं मूल लागतं. नाहीतर तिलाच त्रास होईल.”

काका एकदम पांढरे पडले. ईरा उड्या मारत बाहेर आली. मी तिला जवळ ओढलं. “अगं, बोलली का नाहीस तू? मॅडम विचारत होत्या ना?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग फुशारकीनं म्हणाली, “मावशी, मी किती छान फ्रेंच बोलले! आबांसारखी!”

मला हसावं की रडावं कळेना. महिनाभर पोरीनं फ्रेंच म्हणजे काय ते मन लावून बघितलं होतं. गोड हसायचं, ओठांवर बोट ठेवायचं, आणि बोलायचं नाही. पहिल्या परीक्षेत तिनं ते एकही चूक न करता करून दाखवलं.

काका तिथल्या पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसले. फाईल मांडीवरून घसरली, पानं व्हरांड्यात पसरली. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ईराचे दोन्ही हात धरले.

“ईरा,” ते मराठीत म्हणाले, “आबांना फ्रेंच येत नाही.”

या माणसाच्या तोंडून, मला अमुक येत नाही, हे वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं. काकूंनी तरी ऐकलं असेल का, शंकाच आहे.

“थोडीशी येते का?”

“अजिबात नाही.”

ईरानं जरा विचार केला. “मग कावळ्याचं काय झालं?”

“कावळ्याचं ना? कावळ्यानं दुसरा अर्ज केला. कारण काय लिहिलं माहितीये? आजीच्या घरट्याला गळती लागली.”

“पण त्याची आजी तर उडून गेली होती! तुम्हीच सांगितलं!”

“ती पत्नीकडची आजी.”

“कावळ्याचं लग्न झालं? कधी? मला का नाही सांगितलं?”

आणि सुरू झाली की हो गाडी! महिन्याभराचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. ईरा खुर्चीवर चढली, हातवारे करून भांडायला लागली, घुबडाची नक्कल करून दाखवली. तो फोनवरचा बाबासुद्धा बोलायचा थांबला. मादाम शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना, पण चेहरा खुलत गेला. शेवटी म्हणाल्या, “सोमवारपासून पाठवा. आणि सर, घरी तिच्याशी असंच बोला. फ्रेंचचं आम्ही बघू.”

मी खाली बसून फाईलची पानं गोळा केली. अगदी पहिल्या पानावर सरकारी टिपणी नव्हती, एक फोटो चिकटवलेला होता. भुऱ्या केसांचा एक मुलगा, नाक मात्र थेट निमकरांचं. खाली काकांच्या सुवाच्य अक्षरात, ‘चि. नील, वय सहा.’

परतताना ईरा मागे झोपून गेली. मी म्हटलं, “काका, नील कोण?”

“नातू. अभिजितचा मुलगा.”

त्यांचा मुलगा बाहेर असतो, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या कॉलनीत निम्म्या घरांतली मुलं बाहेर असतात. बाहेर म्हणजे अमेरिका, असं मी धरून चालले होते. सहा वर्षं डोक्यावर राहतात ही माणसं, आणि मी कधी साधं विचारलं नव्हतं, बाहेर म्हणजे कुठे हो?

“अभिजित फ्रान्समध्ये असतो,” काका म्हणाले. “सूनबाई तिथलीच. चांगली आहे. नीलला फ्रेंचशिवाय काही येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. अभिजित पहिली दोन मिनिटं इकडचं तिकडे सांगतो, मग त्याला काहीतरी काम निघतं. पोरगा समोर बसून असतो. मी इकडे. मी नुसता हसतो, महोदया. दर रविवारी दहा मिनिटं. गाल दुखतात.”

मी गिअर बदलला.

“अ‍ॅपवर खूप प्रयत्न केला. या वयात राहत नाही डोक्यात. आज पाठ केलं की उद्या साफ. पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो, भाषा आत्मसात करा, कठीण काय आहे त्यात?” ते खिडकीकडे वळले. “मग म्हटलं, घरातच एक दुभाषा तयार करावा. मुग्धाला माहितीये. ती काही म्हणाली नाही.”

भाजीच्या गाडीपाशी मी काय बोलले होते ते मला आठवलं, आणि कान गरम झाले. घरी पोहोचल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते फ्रिजवरचा आदेश काढण्याचं. मला दुसऱ्या दिवशी नवा कागद आला, ‘संदर्भीय आदेश रद्द करण्यात येत आहे. सर्वांनी पूर्ववत बोलावे.’ पोच मी न मागता दिली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. ईरा आता फ्रेंचमध्ये भांडते, फ्रेंचमध्ये खोटं बोलते आणि कावळ्याची गोष्ट मराठीत ऐकते. कावळ्याला अजून रजा मिळालेली नाही. गौरव गुडगावच्या ट्रॅफिकला रोज शिव्या घालतो आणि रोज तिला सोडतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी दाराखालून चिठ्ठी आली. ‘आज दोन वाजता चि. नील याच्याशी प्रथम दुभाषी संभाषण. साक्षीदार म्हणून उपस्थित राहावे.’ गेले. काका इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले होते. समोर फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, हातात चौदा प्रश्नांची यादी. बाजूला ईरा, पाय हलवत. काकू नेहमीप्रमाणे मेथी घेऊन.

पडद्यावर नील आला. काकांनी घसा साफ केला. “ईरा, विचार. प्रश्न क्रमांक एक. तुझे शिक्षण कसे सुरू आहे?”

ईरानं काय विचारलं देव जाणे, पण तिनं तोंडाचा आ करून हलणारा दात दाखवला. तिकडून नीलनंही आ केला. त्याचे दोन पडलेले होते. मग दोघांची जी जुंपली! खिदळणं काय, ओरडणं काय. काका हातात यादी धरून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर त्यांचं ते रविवारचं हसू. मधेच हळूच म्हणाले, “काय म्हणतोय?”

“थांबा ना आबा!”

ते थांबले. थोड्या वेळानं नीलनं थेट काकांकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. ईरा गप्प झाली.

“काय म्हणाला?”

“तो विचारतोय,” ईरा म्हणाली, “आबा नेहमी नुसते हसतात का? त्यांना बोलता येत नाही का?”

काकूंचा मेथीतला हात थांबला. काकांचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं.

“सांग त्याला,” ते म्हणाले, “आबांना बोलता येतं.”

ईरानं सांगितलं. तिकडून लगेच उत्तर आलं.

“तो म्हणतो, मग बोला ना.”

काकांनी हातातल्या यादीकडे बघितलं. चौदाच्या चौदा प्रश्न. घडी घातली आणि मांडीखाली सरकवली. फोनच्या इतके जवळ गेले, की पडद्यावर नुसतं नाक दिसत असणार.

“जेवलास का रे, बाळा?”

तिकडे सकाळ होती. ईरानं विचारल्यावर नीलनं अर्धा खाल्लेला पाव कॅमेऱ्यासमोर धरला.

“नुसता पाव?” काका म्हणाले. “विचार त्याला, बरोबर काय आहे? आणि स्वतः खातो का कोणी भरवतं? आणि अंगात स्वेटर का नाही? विचार, विचार.”

मी तिथून पावणेचारला उठले, तेव्हाही चालूच होतं. त्या दिवशी काका फारसे हसले नाहीत. बोलण्यातून वेळच मिळाला नाही त्यांना.